सावित्रीपलीकडचा दवाखाना

आमच्या तालुक्याचा कागद दक्षिणेला जातो आणि माणूस उत्तरेला. मंडणगडच्या आरोग्याचा इतिहास सांगायला मला एवढं एक वाक्य पुरेल, पण ते उलगडून सांगितल्याशिवाय बाहेरच्या माणसाला कळायचं नाही.

तालुक्याच्या उत्तरेला सावित्री, दक्षिणेला भारजा, पश्चिमेला समुद्र. मध्ये शंभरावर गावं, त्यांच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, लोकसंख्या साठ हजारांच्या वर. जिल्ह्याचं ठिकाण रत्नागिरी. तिथं मीटिंगला जायचं म्हणजे पहाटेची एसटी आणि रात्रीचं परतणं. माणूस आजारी पडला की घरचे रत्नागिरीचं नावसुद्धा काढत नाहीत. ते म्हणतात, महाडला न्या. नाहीतर मुंबईला न्या, तिथं आपली माणसं आहेत. मी या तालुक्यात आधी आरोग्यसेविका होते, मग आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले. माझे मासिक अहवाल नेमाने रत्नागिरीला पोचले. ज्यांचे अहवाल, ती माणसं सावित्री ओलांडून रायगड जिल्ह्यात गेली, आणि पुष्कळदा त्यांचं पुढं काय झालं हे माझ्या नोंदवहीला कळलंच नाही.

ही उलटी दिशा आजची नाही. बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे आला १७५६ साली, विजयदुर्गच्या बदल्यात. मराठी मुलुखात कंपनी सरकारचं पाऊल पडलं ते फार आधी, ते इथं. किल्ल्याला त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. त्यांना इथून काय हवं होतं? मुंबईच्या गोऱ्यांसाठी मांस, जहाजांसाठी सामान आणि फौजेसाठी माणसं. पेशवाई गेल्यावर दक्षिण कोकणच्या जिल्ह्याचं ठाणं आधी बाणकोटलाच होतं, ते १८२०च्या आसपास रत्नागिरीला हललं. छावणी दापोलीला बसली. मंडणगड मग कितीतरी वर्षं दापोलीखालचा पेटा म्हणूनच राहिला. म्हणजे ठाणं एकदा हातात आलं आणि गेलं. राहिली ती मुंबईकडे जाणारी वाट, पडावाची, मग आगबोटीची, मग एसटीची.

आरोग्य खात्याचा पहिला माणूस जो खेड्यात पायी आला, तो देवी टोचणारा. मुंबईत १८०२ साली १४ जूनला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. लस बगदाद-बसऱ्यामार्गे आली होती, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर. पुढं १८२७ पासून मुंबई इलाख्यात फिरते टोचणारे नेमले, त्यांच्यावर देखरेख करणारे साहेब नेमले. ही पद्धत इतर इलाख्यांना पुढं कित्ता म्हणून दाखवली जायची.

माझे वडील या साखळीतल्या शेवटच्या पिढीचे. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणायचे. ते सातवी शिकलेले होते आणि डॉक्टर म्हणवून घ्यायला त्यांना लाज वाटायची, तरी हाक आली की ओ द्यायचे. टोचणीचा हंगाम म्हणजे पावसाळा सरल्यापासून पुन्हा पाऊस लागेपर्यंत. बेळगावच्या लस संस्थेतून काचेच्या बारीक नळ्यांतून लस यायची. ती उन्हात मरायची, म्हणून ते ओल्या फडक्यात गुंडाळून पहाटेच निघायचे. सुकी लस आणि दुमुखी सुई आली तेव्हा त्यांना वाटलं, आता नोकरी सोपी झाली. टोचून आठवड्याने पुन्हा त्याच घरी जाऊन फोड उठला की नाही बघायचं, हा त्यातला खरा कामाचा भाग. त्या दुसऱ्या फेरीत ते देवीपलीकडचं बरंच काही बघून यायचे. कुणाची सून अडलेली आहे, कुणाच्या घरात खोकला दोन महिने हटत नाही, कुठल्या वाडीची विहीर आटली. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं, पण संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात चहा पिताना ते डॉक्टरांना सांगायचे. चहा पिता पिता झालेला हा समन्वय मी लहानपणी पाहिलेला आहे. पुढं त्याचे तक्ते आले.

देवीचा शेवट जवळ आला तेव्हा रुग्ण दाखवणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस लागलं होतं. १९७५ मध्ये भारतातली शेवटची केस झाली, १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला. वडिलांना आनंद झाला आणि काळजीही. रोगच गेला तर टोचणाऱ्याचं काय?

त्याआधीच्या प्लेगाची गोष्ट आजीकडून ऐकलेली, तिनं ती तिच्या सासूकडून. मुंबईत मांडवीला १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग निघाला आणि चाकरमानी लाखांनी पळाले. कोकणचा माणूस बंदरावर उतरला, तिथं सरकारी तपासणी. पण गावानं तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपी घातल्या, मुंबईहून आलेल्याला तिथं ठेवलं, भाकरी लांबून ठेवली. सरकारनं फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा केला. मुंबईत हाफकिनच्या प्रयोगशाळेत लस तयार होत होती. गावाला कायदा माहीत नव्हता, लसही नव्हती, पण आपल्याच मुलाला वेशीवर थांबवायचं कसं, हे भावकीनं बसून ठरवलं. यावरून भांडणंही झाली, ती तीन पिढ्या टिकली. मी नोकरीला लागले तेव्हा एका वाडीत दोन घरांत जाणं-येणं नव्हतं, आणि कारण विचारलं तर प्लेग.

स्वातंत्र्याच्या तोंडावर सगळं एका छताखाली आणायचा आराखडा ज्यानं केला तो मराठी माणूस होता, हे आमच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही. सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्यांच्या पत्नी मार्गारेट स्वतः डॉक्टर. भोर समितीचा अहवाल १९४६ चा. त्याचं म्हणणं एका ओळीत असं, की रोग होऊ नये म्हणून करायचं काम आणि झाल्यावर करायचं काम वेगळ्या खात्यांत ठेवू नका. तूर्त चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढं दहा ते वीस हजारांमागे ७५ खाटांचं. मी मंडणगडचा हिशेब एकदा कागदावर केला. कमीत कमी धरलं तरी सव्वादोनशे खाटा निघतात. आज आमच्याकडे देव्हारे, कुंबळे आणि पंदेरी अशी प्राथमिक केंद्रं आणि मंडणगडला ग्रामीण रुग्णालय. नियमानं केंद्राला सहा खाटा, रुग्णालयाला तीस. बेरीज वाचकानं करावी.

एकत्र आणायचं ठरलं आणि लगेच वाटणीही झाली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. प्राथमिक केंद्रं जिल्हा परिषदेकडे गेली, मोठी रुग्णालयं राज्य सरकारच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे राहिली. म्हणजे बाई उपकेंद्रात तपासली गेली तर एका साहेबाची, आणि बाळंतपणाला ग्रामीण रुग्णालयात पोचली तर दुसऱ्या साहेबाची. अंगणवाडी १९७५ नंतर आली, ती तिसऱ्याच खात्याची. मूल एकच. त्याचं वजन अंगणवाडीताई करणार, लस मी देणार, आणि ते आजारी पडलं तर रुग्णालयातले डॉक्टर बघणार. तिघांच्या वहीत त्याच्या जन्मतारखा तीन.

त्या काळात घराच्या दाराशी येणारे सरकारी लोकही वेगवेगळे असायचे. हिवतापवाला पंधरा दिवसांनी यायचा, दारावरच्या छापील चौकटीत तारीख घालायचा, ताप असेल तर बोटातून रक्ताचा थेंब घेऊन क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या द्यायचा. देवी डॉक्टर वेगळा, कुष्ठरोगाचा वेगळा, कुटुंबनियोजनाचा वेगळा. एका म्हातारीनं वडिलांना विचारलं होतं, "तुमी सगळे एकदम का नाय येत? मी एकदाच चाय ठेवीन." १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीनं साधारण हेच म्हटलं, फक्त चहाचा उल्लेख न करता. त्यातून बहुउद्देशीय कर्मचारी आला. वडील टोचणाऱ्याचे आरोग्यसेवक झाले आणि हिवतापाच्या काचा कशा रंगवायच्या, ते पन्नाशीत शिकले.

मी लागले ती ही नवी रचना बसत असताना. माझ्याकडे कुटुंब नोंदवही होती, एका पानावर एक घर. त्या पानावर गरोदर बाई, मुलांच्या लसी, कुणाला क्षय, कुणाचं ऑपरेशन झालं, विहिरीत पावडर टाकली की नाही, सगळं. त्या वहीवर माझं प्रेम होतं, हे सांगायला मला संकोच नाही. घरात शिरलं की आधी म्हातारीची चौकशी. "गोली नको बाय, सुई मार," हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात. मग सून, मग मुलं, मग मागच्या पडवीत अंथरुणावर असलेला कुणी, ज्याच्याबद्दल घरचे आपणहून बोलत नाहीत. मुंबईहून परत आलेला गिरणीकामगार असायचा तो. छातीचा भाता झालेला. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधी म्हातारीच्या गुडघ्यावर बोलावं लागतं. हे शहाणपण कुठल्याही समितीच्या अहवालात मी वाचलं नाही, पण वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

ती वही मात्र उद्दिष्टांपुढं टिकली नाही. मार्च जवळ आला की बाकी सगळी पानं बंद आणि फक्त शस्त्रक्रियांचा आकडा. गरोदर बाईला विचारायच्या आधी, "हे झाल्यावर ऑपरेशन करणार ना?" असं विचारायची वेळ आमच्यावर यायची. १९९६ च्या एप्रिलात ती उद्दिष्टं कागदावरून गेली. गावांच्या मनातून जायला आणखी बरीच वर्षं लागली. आणीबाणीतल्या सक्तीच्या आठवणीनं पुरुष माणसं आरोग्यसेवक दिसला की शेतात निघून जायची, हे मी नव्वदच्या दशकातही पाहिलं.

आमच्या वरच्या बाजूला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, सत्तरच्या दशकात एक वेगळा प्रयोग चालला होता. जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी मांडव्याकडच्या तीसेक गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती दिलं. हजार वस्तीमागे एक बाई. काम चांगलं चाललं. पण बायका प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा स्थानिक पुढाऱ्यांना आणि यंत्रणेला ते रुचलं नाही, आणि काम तिथून आटोपतं घ्यावं लागलं. २००५ साली आशा स्वयंसेविका आल्या, त्याही हजार वस्तीमागे एक. मला ते बघून मांडवा आठवला. फरक असा की आशांना प्रश्न विचारण्यासाठी नव्हे, फॉर्म भरण्यासाठी नेमलं होतं. सगळ्यांनी ते ऐकलं असं मात्र नाही.

आता सावित्रीपलीकडे जाते, कारण आमच्या भागाचं खरं आरोग्यशास्त्र तिथं लिहिलं गेलं. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये एक तरुण डॉक्टर आला, हिम्मतराव बावस्कर. मूळचा जालन्याकडचा, नागपूरला शिकलेला. कोकणातला तांबडा विंचू चावला की माणूस घामानं न्हातो, हातपाय गार पडतात, छातीत पाणी होतं, आणि पुष्कळ जण जातात. मुलं तर फार. लोक मांत्रिकाकडे न्यायचे, दवाखान्यात नेलं तरी उपचार असा ठरलेला नव्हता. बावस्करांनी काय केलं? रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपून ठेवलं. १९८२ मध्ये त्यांचं टिपण 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढं प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी यावर वापरली, तोही अनुभव १९८६ मध्ये तिथंच छापला. पूर्वी दाखल रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला यातली गोळीपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. गोळी वेळेवर पोटात गेली तरच तिचा उपयोग. म्हणजे ती उपकेंद्रात हवी आणि वाडीला माहीत हवी. विंचू चावला, घाम सुटला की थांबायचं नाही, हे वाक्य सावित्रीच्या दोन्ही काठांवर पसरलं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीतून कमी, आणि महाडहून वाचून परतलेल्या माणसांच्या तोंडून जास्त. फुरशाचंही तसंच. रत्नागिरी जिल्ह्याच्या १८८० च्या गॅझेटियरात फुरशांचा सुकाळ नोंदलेला आहे, मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं आणि लोक लाखोंनी आणायचे. बक्षीस देणं सोपं होतं. भातकापणीत गवतात हात घातलेल्या बाईला दोन तासांत सर्पविषावरची लस मिळणं अवघड. डोलीतून रस्त्यापर्यंत, तिथून जीपनं म्हाप्रळ, मग पूल, मग महाड. हा पूल आंबेतला उतरतो. महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हापासून खाडीवरच्या सगळ्याच पुलांची धास्ती. मध्यंतरी आंबेतचा दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा फेरीबोट चालू झाली. पुलावरून कुणी आरोग्याचा इतिहास लिहीत नाही. मंडणगडचा तसाच लिहावा लागेल.

क्षयाच्या बाबतीत आमचा पूल मुंबईपर्यंत लांब असायला हवा होता. गिरणगावात राहणारा माणूस खोकू लागला की तिथल्या दवाखान्यात गोळ्या सुरू करायचा, महिन्याभरात बरं वाटलं की गणपतीला गावी यायचा आणि गोळ्या बंद. किंवा उलट. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर खोलीच सुटली, आणि आजार घेऊन माणसं कायमची परतली. एका रोग्याचे दोन पत्ते, दोन जिल्हे, दोन नोंदी, आणि दोन्हीकडे शेरा एकच, 'रुग्ण गावी गेला.' मुंबईची वही म्हणते गावी गेला, गावची वही म्हणते मुंबईला गेला.

यावर तोड सरकारनं काढायच्या आधी ग्रामस्थ मंडळांनी काढली. ज्यांना कोकण माहीत नाही त्यांना सांगते, आमच्या प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. लालबाग, परळ, नंतर नालासोपारा, विरार, दिवा. वर्गणी ठरलेली, सभा ठरलेली, आणि सभेला गैरहजर राहिलं तर दंडही ठरलेला. देऊळ, रस्ता, पाण्याची टाकी मंडळानं केली, तशा काही उपकेंद्रांच्या जागाही मंडळानं मिळवून दिल्या. खाडीकाठच्या मुस्लिम मोहल्ल्यांत हेच काम जमातीनं केलं, पैसा आखातातून आला. मी मंडळाच्या चिटणीसाला चिठ्ठी द्यायचे, की अमक्याच्या गोळ्या अजून चार महिने बाकी आहेत, तुम्ही लक्ष ठेवा. एसटीच्या कंडक्टरकडून चिठ्ठी जायची. चिटणीस रविवारी त्याच्या खोलीवर जाऊन बसायचा. रोग्याला ते आवडायचं नाही, चार माणसांत नाव झालं म्हणून. हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं चांगलं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. गोळ्या मात्र पूर्ण व्हायच्या. पुढं देखरेखीखालची उपचारपद्धती आली, बदलीचा फॉर्म आला, मग निक्षय पोर्टलवर नाव घालायची सोय झाली. फॉर्म चांगलाच आहे. तो रविवारी खोलीवर जाऊन बसत नाही, एवढंच.

मी निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत कोरोना आला. मे २०२० मध्ये चाकरमानी परतू लागले, तोवर १८९७ चाच कायदा पुन्हा लागू झालेला होता. प्राथमिक शाळांत विलगीकरण, ग्राम कृती दल, वाडीच्या तोंडाला बांबू आडवा. मुंबईकर म्हणे, शाळा आमच्या मंडळाच्या पैशांनी बांधली आणि आम्हालाच तिच्यात कोंडता? गावकरी म्हणे, घरात म्हाताऱ्या आहेत. दोघांचंही खरं होतं. तोडगा आशांनी काढला. कुठल्या घराला मागची वेगळी खोली आहे, कुठं वेगळा संडास आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं, त्यावरून कोण घरी राहील आणि कोण शाळेत, हे ठरलं. आणि मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनकडे धडकलं आणि मंडणगड-दापोलीलाही झोडपून गेलं. शाळांचेच पत्रे उडाले. विलगीकरणातली माणसं आणि छप्पर गेलेली माणसं एकाच देवळात आली. वीज कित्येक गावांत आठवडे नव्हती. लसींचा शीतकप्पा जनरेटरवर, त्याला डिझेल मुंबईच्या मंडळांनी पाठवलं, आणि ज्यांना वेशीवर अडवलं होतं त्यांनीच पत्रे चढवले.

आता उपकेंद्राला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. समुदाय आरोग्य अधिकारी असतो, रक्तदाब, मधुमेह, तोंडाच्या कर्करोगाची तपासणी तिथंच होते, आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशा भरते. माणूस सबंध बघायचा, हा भोरांचा विचार परत आलेला आहे, आणि तो मला मनापासून पसंत आहे. फक्त गरोदर बाईचं ॲप वेगळं, क्षयाचं वेगळं, मधुमेहाचं वेगळं, आणि रेंज देवळाच्या पायरीवर. माझ्या जागी आलेली मुलगी चार ठिकाणी एकच नाव घालते. मी तिला माझी जुनी कुटुंब नोंदवही दाखवली, तर ती हसली नाही. तिनं शंभर पानी वही विकत आणली आणि तशीच आखून घेतली.

राहिला महाडचा प्रश्न. माझ्या सबंध नोकरीत तालुक्याच्या मासिक सभेला सावित्रीपलीकडच्या दवाखान्याचं कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. तो दुसरा जिल्हा. सूचना मी एकदा लेखी दिली होती, वरिष्ठांनी ती पुढं पाठवली असं मला सांगण्यात आलं. दरम्यान आमच्या वाडीतल्या आशेनं आपलीच रीत पाडली आहे. महाडहून कुणी परतलं की ती दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाते, डिस्चार्ज कार्डाचा मोबाइलवर फोटो काढते आणि उपकेंद्राच्या ग्रुपवर टाकते. या कामाला तिच्या मोबदल्याच्या यादीत रकाना नाही. त्या घरच्या सासूबाईंच्या चहाला मात्र ती नाही म्हणत नाही, कारण त्याशिवाय कार्ड बाहेर निघत नाही.